आधी माणसं नेमा, इमारतीचं मागून बघू : मेंदूविज्ञानाच्या जागांबद्दल खुलं पत्र

प्रति,
गोव्यातल्या विद्यापीठाचे कुलगुरू, विद्या परिषद नि कार्यकारी मंडळाचे सभासद, उच्च शिक्षण खातं, आणि निवड समित्यांवर जे जे बसतात ते सगळे,

सप्रेम नमस्कार.

मी डिचोली तालुक्यातली, कॉलेजात शिकवते, कंत्राटावर. एमएस्सी फिजिक्समध्ये केलं आणि पीएचडी मेंदूवर, म्हणजे चेतापेशी (न्यूरॉन) एकमेकींना निरोप कसे देतात त्याच्या गणितावर, आणि ती गोव्याबाहेर जाऊन केली. हे पत्र मी स्वतःसाठी नोकरी मागायला लिहीत नाहीये हे आधीच सांगते. माझ्याकडे बीएस्सीची मुलं येतात, दरवर्षी येतात, मॅडम मेंदूवर काम करायचंय कुठे जाऊ म्हणून विचारतात, आणि मी दरवर्षी त्याच जागा सांगते, बंगळुरूला निम्हान्स नाहीतर आयआयएस्सी नाहीतर एनसीबीएस बघ, मुंबईला टीआयएफआर बघ, हरयाणात मानेसरला नॅशनल ब्रेन रिसर्च सेंटर आहे ते बघ. मुलं हुशार असतात, जातात, चांगलं नाव काढतात, आणि मग चतुर्थीला घरी आली की भेटतात तेव्हा म्हणतात मॅडम परत यायचं तर आहे पण येऊन बसू कुठे. त्यांना बसायला जागा कशी करायची एवढंच ह्या पत्रात आहे.

गोव्यात उच्च शिक्षणाचं काही मोठं करायचं म्हटलं की पहिली चर्चा जमिनीची होते. आयआयटी २०१६ साली फर्मागुडीला इंजिनियरिंग कॉलेजच्या आवारात तात्पुरती सुरू झाली आणि कायमच्या कॅम्पसची जागा म्हणून लोलये झालं, सांगे झालं, सत्तरीत शेळ-मेळावलीला २०२१च्या जानेवारीत लोक विरोधात रस्त्यावर आले, त्यात कोणाचं बरोबर कोणाचं चूक हा वेगळा विषय आहे आणि मला त्यात आत्ता जायचं नाही. पण ह्या सगळ्या वर्षांत तिथले वर्ग चालू राहिले, मुलं डिग्री घेऊन बाहेर पडत राहिली, कारण शिकवणारी माणसं नेमलेली होती. कॅम्पस नव्हता, मास्तर होते, म्हणून संस्था चालली.

मेंदूविज्ञानाच्या बाबतीत माझी हीच कळकळ आहे. आपल्याकडे आधी कोनशिला बसते, मग इमारत होते, मग कोट्यवधींचं मशीन येतं, आणि माणसाची पोस्ट मात्र खात्यात फाइलवर फिरत राहते. चालवणारा नसला की मशीन कव्हराखाली पडून राहतं, वॉरंटी संपते, पार्ट मिळत नाहीत, हे सायन्स शिकवणाऱ्या कुणालाही विचारा, प्रत्येकाने कुठे ना कुठे पाहिलेलं असतं.

नॉर्वेत ट्रॉन्डहाइम म्हणून एक शहर आहे, लोकसंख्येने आपल्या गोव्यापेक्षा खूपच लहान. १९९६ साली तिथल्या विद्यापीठाने मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर ह्या जोडप्याला मानसशास्त्र विभागात नेमलं, दोघंही तिशीतले, नुकतीच पीएचडी झालेली. उंदरांच्या मेंदूवर ते करत होते तसल्या कामाची तिथे तयार लॅब नव्हती, त्यांनी तळघरातल्या बॉम्बशेल्टरमध्ये शून्यापासून उभी केली. २००५ साली त्यांना उंदराच्या मेंदूत त्या ग्रिड सेल सापडल्या, म्हणजे आपण कुठे आहोत ह्याचा हिशेब ठेवणाऱ्या पेशी, आणि २०१४ला लंडनच्या जॉन ओकीफ ह्यांच्याबरोबर दोघांना नोबेल मिळालं. मोठं सेंटर, मोठा निधी हे सगळं नेमणुकीच्या नंतर कित्येक वर्षांनी आलं. त्या विद्यापीठाने १९९६ला केलं काय, तर दोन तरुण माणसांवर विश्वास टाकून त्यांना कायमची जागा दिली. मला गोव्याला नोबेल पाहिजे म्हणून हे सांगत नाही, क्रम कुठला असावा ते सांगतेय.

आता कुणी म्हणेल की मेंदूवर संशोधन म्हणजे एमआरआय लागणार, एवढे पैसे कुठून आणायचे. लागतं, काही कामाला लागतं, पण सगळ्या कामाला नाही. माणसाच्या मेंदूत साधारण ८६ अब्ज चेतापेशी असतात, तिथूनच सुरुवात करायला पाहिजे असं कुठे आहे? एका सूक्ष्म कृमीच्या शरीरात ३०२ चेतापेशी असतात आणि त्यांच्या जोडण्यांचा अख्खा नकाशा १९८६ सालीच छापून आला. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये फळमाशीच्या, म्हणजे पिकलेल्या केळ्यावर घोंगावते त्या चिलटाच्या पूर्ण मेंदूचा नकाशा प्रसिद्ध झाला, १,३९,२५५ चेतापेशी आणि त्यांच्यामधल्या ५ कोटींच्या आसपास जोडण्या, आणि तो सगळा डेटा इंटरनेटवर कोणालाही फुकट बघता येतो. डिचोलीत बसून बघता येतो, मी बघते. त्यावर काम करायला चांगला कॉम्प्युटर, चांगलं गणित आणि मुलांना मार्ग दाखवणारा एक माणूस लागतो. माशा पाळायला उंदरांसारखं अॅनिमल हाऊस लागत नाही, बाटल्या नि त्यातलं खाद्य लागतं, दहा-बारा दिवसांत नवी पिढी तयार. डोक्यावर तारा लावून मेंदूतली वीज नोंदवणारं ईईजीचं साधं मशीनही विद्यापीठाला परवडेल असं मिळतं. म्हणजे पैशाचं कारण खरं आहे पण ते पहिलं कारण होऊ शकत नाही.

आणि समुद्राचं काय? ह्या मुद्द्यावर मला जरा जास्त बोलायचंय कारण गोव्यात बसून हे कुणाला सुचू नये ह्याचं मला फार वाईट वाटतं. चेतापेशीतून विजेचा संदेश कसा पुढे जातो त्याची समीकरणं हॉजकिन आणि हक्सली ह्यांनी १९५२ साली मांडली, अख्खं मेंदूविज्ञान आजही त्यावर उभं आहे, माझी पूर्ण पीएचडी त्या समीकरणांच्या खांद्यावर आहे. आणि ते प्रयोग केले होते कशावर? माणक्यांच्या, म्हणजे स्क्विडच्या, जातकुळीतल्या प्राण्यावर, ज्या आपल्याकडे मासळी बाजारात रोज येतात. माणकीच्या अंगात एक चेतातंतू इतका जाड असतो, जवळजवळ मिलिमीटरभर, की त्याच्यात तार सरकवून वीज मोजता येते. हॉजकिन-हक्सलींचं काम इंग्लंडमध्ये प्लिमथला समुद्रकाठच्या प्रयोगशाळेत झालं, १९६३ला नोबेल मिळालं. पुढे एरिक कॅन्डेल ह्यांनी स्मृती कशी तयार होते ते शोधलं ते एका समुद्री गोगलगाईवर, तिच्या चेतासंस्थेत जेमतेम २०,००० पेशी, पण मोठ्या मोठ्या, ओळखून नाव देता येतील अशा, आणि त्यांना २००० साली नोबेल. आपल्याकडे दोनापावलाला एनआयओ, म्हणजे १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, ताळगावच्या पठारावर विद्यापीठात समुद्रविज्ञान शिकवलं जातं, खाली समुद्र आहे, मच्छीमार आहेत ज्यांना कुठला प्राणी कुठल्या महिन्यात कुठे मिळतो ते तोंडपाठ आहे. समुद्री प्राण्यांच्या चेतासंस्थेवर काम करायला देशात ह्याहून सोयीची जागा मला तरी दाखवा. एक माणूस नेमा, ह्या विषयातला, आणि पाच वर्षं त्याच्यामागे उभे राहा.

दुसरी बाजू इस्पितळाची. गोमेकॉचं, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं मूळ १८४२च्या वैद्यकीय शाळेपर्यंत जातं. बांबोळीला गोमेकॉ, तिथेच आयपीएचबी हे मनोरुग्णांचं इस्पितळ, आणि विद्यापीठ तिथून काही किलोमीटरवर, गोमेकॉ विद्यापीठाला संलग्नसुद्धा आहे. १९९६ साली मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यात संगाथ ही संस्था सुरू केली, आणि डॉक्टर नसलेल्या, गावातल्याच माणसांना प्रशिक्षण देऊन नैराश्यावर उपचार करता येतात हे इथल्या आरोग्य केंद्रांत अभ्यास करून दाखवलं, ते लॅन्सेटसारख्या जर्नलमध्ये छापून आलं आणि जगभर लोक त्याचा दाखला देतात. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची घरी काळजी घेणाऱ्यांना आधार कसा द्यायचा त्यावरचा गोव्यातला अभ्यास २००८मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे मनाच्या आजारांवर गोव्याने जगाला शिकवलंय, आणि त्याच आजारांत मेंदूत काय घडतं ते बघणारी लॅब मात्र इथल्या मुलाला दुसऱ्या राज्यात शोधावी लागते. सत्तरीत पाली गावात २०१५ साली माकडताप आला, त्यातल्या काही रुग्णांत ताप एकदा उतरून पुन्हा येतो आणि तेव्हा मेंदूवर परिणाम दिसतो, ह्या गोष्टीचा अभ्यास सत्तरीच्या जवळ बसून करायचा की लांबून? आयपीएचबीतले डॉक्टर आणि ताळगावचे सायन्सवाले एकत्र बसतील अशा संयुक्त नेमणुका पाहिजेत, अर्धा पगार इकडून अर्धा तिकडून, आठवड्यातले काही दिवस वॉर्डात काही दिवस लॅबमध्ये. बाहेर अशा नेमणुका सर्रास असतात.

इथे आबे फारियाची आठवण काढल्याशिवाय पुढे जाववत नाही. कांदोळीत १७५६ साली जन्मलेला हा माणूस पॅरिसला जाऊन लोकांसमोर सांगू लागला की संमोहन ही कुठल्या चुंबकीय द्रवाची करामत नाही, ते होतं ते समोरच्याच्या मनात, सूचनेमुळे. त्या काळात हे म्हणणं केवढं धाडसाचं होतं. पणजीत जुन्या सचिवालयाजवळ त्याचा पुतळा १९४५ पासून उभा आहे, पर्यटक फोटो काढतात. त्याने जो प्रश्न विचारला त्यावर काम करणारी एक कायमची जागा त्याच्या गावापासून तासाभराच्या अंतरावर असावी एवढी अपेक्षा मोठी आहे का?

आता मुख्य मुद्दा, नेमणुका कशा होतात. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांत असिस्टंट प्रोफेसरच्या मुलाखतीला कोणाला बोलवायचं ते ठरवायला शंभर गुणांचा तक्ता आहे. विद्यापीठासाठीच्या तक्त्यात पदवीचे जास्तीत जास्त १५, पदव्युत्तरचे २५, पीएचडीचे ३०, नेटचे, म्हणजे प्राध्यापकपदाच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे ५ किंवा त्यात जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली असेल तर ७, आणि संशोधनाचे पेपर, प्रत्येकी २ गुण, मिळून जास्तीत जास्त १०. शिकवण्याचा किंवा पोस्टडॉकचा, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाचा अनुभव, वर्षाला २ गुण, तोही १० पर्यंतच. हे जरा शांतपणे वाचा. वयाच्या विसाव्या वर्षी बीएस्सीला ऐंशी टक्के पडले त्याचे १५ आणि पुढच्या अख्ख्या आयुष्यात केलेल्या संशोधनाचे १०. मेंदूविज्ञानात एक धड पेपर व्हायला तीन-चार वर्षं सहज जातात, प्राणी वाढवा, शस्त्रक्रिया करा, नोंदी घ्या, मग विश्लेषण, मग पुन्हा करा, त्या एका पेपरला २ गुण, आणि कोणी घाईघाईत पाच किरकोळ पेपर काढले तर त्याला १०. मी त्या माणसाला दोष देत नाही, तक्ता तसा आहे म्हणून तो तसं करतो.

पण त्याच नियमांत असंही आहे की हे गुण फक्त मुलाखतीची यादी करायला, अंतिम निवड मुलाखतीवरच. आणि मुलाखतीच्या टप्प्यावर उमेदवाराला सेमिनार द्यायला लावता येतो, वर्गात शिकवायला लावता येतं, हेही लिहिलंय. निवड समितीत बाहेरचे विषयतज्ज्ञ असायला हवेत आणि त्यातले किमान दोन हजर असल्याशिवाय कोरम होत नाही. म्हणजे चांगली निवड करायला नियम आड येत नाहीत, हातात अधिकार आहे, वापरायचा की नाही ते तुमच्यावर आहे.

विषयाचा घोळ तर त्याहून मोठा. पात्रतेत लिहिलेलं असतं की पदव्युत्तर पदवी त्या विषयात किंवा संबंधित, संलग्न विषयात असावी, पण छाननीला बसणारा माणूस संबंधित आणि संलग्न हे वाचतच नाही, तो सर्टिफिकेटवरचा विषय आणि जाहिरातीतला विषय जुळवतो, जुळला नाही की बाद. मेंदूविज्ञान हा विषयच असा की त्यात झूऑलॉजीवाले येतात, फिजिक्सवाले, इंजिनियर, मानसशास्त्रवाले, डॉक्टर, भाषाशास्त्रवाले सगळे येतात. नेटमध्ये न्यूरोसायन्स नावाचा वेगळा पेपर नाही, सीएसआयआरच्या परीक्षेत लाइफ सायन्सेसच्या पेपरात तो थोडा थोडा येतो. मग ह्या माणसांनी अर्ज करायचा कुठल्या विभागात?

मला स्वतःला एका संस्थेत, नाव घेत नाही, हा अनुभव आला. यादीत कसंबसं नाव आलं, मुलाखतीला गेले, पाच जण टेबलापलीकडे, त्यातल्या एकाने फाइल उघडून पहिलाच प्रश्न विचारला, तुमचं एमएस्सी फिजिक्स, मग आमच्या झूऑलॉजीच्या मुलांना तुम्ही काय शिकवणार. मी सांगायला सुरुवात केली की चेतापेशीचं पटल, सोडियम-पोटॅशियम, हे झूऑलॉजीच्याच पुस्तकातलं आहे, तर म्हणाले ठीक आहे ठीक आहे, आणि पुढचा प्रश्न राहणार कुठे, लग्न झालंय का. माझ्या कामाबद्दल, मी काय शोधलं त्याबद्दल, एक अक्षर कोणी विचारलं नाही. समितीत मेंदूवर काम केलेलं कोणी नव्हतं हे मला मागून कळलं. निवड झाली नाही ह्याचं दुःख मी केव्हाच मागे टाकलंय, पण न विचारताच परत पाठवलं ते अजून टोचतं, आणि माझ्यासारख्या कितीतरी जणींना असंच परत पाठवलेलं मला माहीत आहे.

आपल्या विद्यापीठात दामोदर धर्मानंद कोसंबींच्या नावाची स्कूल आहे, त्यांच्या नावाचं अध्यासन आहे, पणजीला त्यांच्या नावाने विचारमहोत्सव होतो. कोसंबी गणितज्ञ नि इतिहासकार, १९०७ साली गोव्यात जन्मले, हार्वर्डची पदवी होती, पीएचडी नव्हती. १९३१ साली अलीगढला आंद्रे वेय ह्या विशीतल्या फ्रेंच गणितज्ञाने त्यांना बोलावून घेतलं कारण त्याला त्यांचं गणित दिसलं. १९४३मध्ये कोसंबींनी एक पद्धत मांडली जी जगात पुढे कार्हुनेन-लोएव्ह ह्या नावाने ओळखली गेली, आणि तिच्याच घराण्यातलं प्रिन्सिपल कॉम्पोनंट अॅनालिसिस, म्हणजे आकड्यांच्या ढिगातून मुख्य कल वेगळे काढायची रीत, आज जगातली कुठलीही मेंदूची लॅब वापरते, शेकडो चेतापेशींच्या नोंदी एकदम वाचायच्या तर त्याशिवाय पान हलत नाही. ह्या माणसाला आज वरच्या तक्त्यात घाला. पीएचडीचे ३० गेले. गणितज्ञ म्हणून अर्ज केला तर इतिहासाचं लेखन धरणार नाहीत, इतिहासात केला तर विषय जुळत नाही. कोसंबींचं नाव आपण अभिमानाने लावतो तर कोसंबींसारखा माणूस दारात आला तेव्हा त्याला आत घेता येईल अशी जाहिरात काढणं आपलं कामच आहे.

दुसरं नाव व्हेरॉनिका रॉड्रिग्स. मूळ गोव्याच्या कुटुंबातली, केनियात जन्मलेली. डब्लिनला मायक्रोबायोलॉजी शिकत असताना तिने ओबेद सिद्दीकींच्या कामाबद्दल वाचलं आणि त्यांना सरळ पत्र लिहिलं, मला तुमच्याकडे काम करायचंय. सिद्दीकी तेव्हा मुंबईला टीआयएफआरमध्ये माशांवर काम करत होते. त्यांनी तिला बोलावलं, १९७७च्या सुमारास ती आली, माशीला वास कसा कळतो, चव कशी कळते, त्याची जनुकं कुठली, ह्यावर तिने आयुष्य घातलं, पुढे बंगळुरूला एनसीबीएसमध्ये गेली, २०१०ला वारली. तिच्या हाताखाली तयार झालेली माणसं आज लॅब चालवतात. गोव्याच्या रक्ताची एवढी मोठी शास्त्रज्ञ आणि गोव्यातल्या किती कॉलेजच्या मुलांना तिचं नाव माहीत आहे? मी माझ्या वर्गात विचारते तेव्हा एकही हात वर येत नाही.

आता गोंयकारांना प्राधान्य आणि भाषेचा प्रश्न येणारच, तर त्यावरही स्पष्ट बोलते. सरकारी भरतीला पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला आणि कोंकणीचं ज्ञान लागतं, मराठी येत असेल तर चांगलं, हे मला मनापासून मान्य आहे, आमच्या मुलांना नोकऱ्या मिळायलाच हव्यात. पण दहा-बारा वर्षं शिकायला बाहेर राहिलेल्या आमच्याच मुलीचा दाखला अडतो तेव्हा कुठेतरी सूट लागते. आणि बाहेरचं कोणी आलं तर त्याला कोंकणी-मराठी शिकायला ठरावीक मुदत द्या आणि ती पाळायला लावा, कारण मेंदूच्या कामात भाषा ही सोय म्हणून नाही, विषय म्हणूनच लागते. पक्षाघातानंतर वाचा गेलेल्या पेडण्याच्या आजीची चाचणी इंग्लिशमध्ये कशी करणार? २०१३ साली हैदराबादला सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी ६४८ स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचा अभ्यास छापला, दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांत हा आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसला, अगदी न शिकलेल्यांतसुद्धा. आता गोवा डोळ्यांसमोर आणा. घरात कोंकणी, देवळात नि पेपरात मराठी, ऑफिसात इंग्लिश, बाजारात हिंदी, आणि जुन्या पिढीला वर पोर्तुगीज. एकाच घरात आजोबा पाच भाषा जाणणारे आणि नातू दोन. ह्या प्रश्नाला गोव्यासारखी जागा नाही, आणि तो अभ्यास करायला इथली भाषा बोलणाराच माणूस लागणार आहे. म्हणून मी म्हणते की भाषेची अट आणि चांगला शास्त्रज्ञ ह्यांत भांडण लावू नका.

राखीव जागांचा रोस्टर पाळून हे सगळं व्हायला पाहिजे. नवीन विषय म्हणून सगळ्या जागा ओपन करून टाकल्या असं झालं तर मी पहिली विरोधात उभी राहीन.

कंत्राटाबद्दल थोडंच बोलते कारण मी स्वतः त्यात आहे. २०१८च्या नियमांत कंत्राटी शिक्षक एकूण जागांच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावेत असं आहे. लेक्चर बेसिसवर, कंत्राटावर माणूस वर्ग चालवू शकतो, लॅब चालवू शकत नाही. वर्षाच्या शेवटी आपण असू की नाही माहीत नसलेल्या माणसाने पीएचडीचा विद्यार्थी कुठल्या तोंडाने घ्यायचा? प्रोजेक्टला अर्ज करायला गेलं की पहिलं विचारतात कायम आहात का. जानेवारी २०२५मध्ये यूजीसीने नव्या नियमांचा जो मसुदा काढला त्यात पदवी एका विषयातली आणि नेट किंवा पीएचडी दुसऱ्या विषयातली चालेल अशी मोकळीक होती, ती मला फार महत्त्वाची वाटली, कुलगुरू निवडीच्या वादात ती गोष्ट मागेच पडली. त्याच मसुद्यात कंत्राटावरची दहा टक्क्यांची मर्यादा काढून टाकली होती, ते मला अजिबात मान्य नाही.

मग सुरुवात कुठून? माझं मागणं मोठं नाही. मेंदूविज्ञानाच्या तीन-चार कायम जागा काढा, कुठल्या एका विभागाच्या नावावर न टाकता, म्हणजे एक समुद्री प्राण्यांवरचा, एक गणित-कॉम्प्युटरवाला, एक भाषा नि वर्तनावर काम करणारा, आणि एक गोमेकॉ-आयपीएचबीबरोबर संयुक्त. चारही एकाच वर्षी नेमा, एकटा माणूस दोन वर्षांत कंटाळून निघून जातो, चौघे असले की एकमेकांना धरून राहतात. प्रत्येकाला पहिल्या दिवसापासून लॅबसाठी ठरलेली रक्कम आणि पहिल्या वर्षी शिकवण्याचा भार अर्धा. खरेदीची फाइल तीन महिन्यांत सुटावी. दरम्यान इन्स्पायर फॅकल्टी, रामानुजन, रामलिंगस्वामी, इंडिया अलायन्स अशा फेलोशिप आहेत ज्यात माणूस आपला पगार आणि संशोधनाचा निधी स्वतःबरोबर घेऊन येतो, विद्यापीठाने फक्त आसरा द्यायचा असतो, तो देताना एवढं लिहून द्या की काम चांगलं झालं तर कायम जागेसाठी विचार होईल. नाहीतर पाच वर्षं झाली की तो माणूस दुसऱ्या गावी जाणार. अध्यासनांवर पाहुणे प्राध्यापक जरूर बोलवा, मी त्यांची व्याख्यानं ऐकायला जाते आणि ती आवडतात, पण पाहुणा लॅब उभी करत नाही.

निवडीच्या दिवशी प्रत्येक उमेदवाराचं व्याख्यान खुलं ठेवा, मुलांना, शिक्षकांना, कोणालाही येऊन बसू द्या. समितीतले बाहेरचे तज्ज्ञ खरोखर ह्याच विषयातले असू द्यात. छाननीत कोण कुठल्या कारणाने बाद झालं ते वेबसाइटवर टाका. वशिल्याची कुजबुज गोव्यात प्रत्येक भरतीमागे असते, खरी असो खोटी असो, ती थांबवायचा ह्याहून सोपा उपाय मला माहीत नाही.

विद्या परिषदेच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि घेणार की नाही ते जाहीर कळवावं ही विनंती. जाहिरातीतल्या पात्रतेचा परिच्छेद कसा असावा ते मी लिहून पाठवते आहे, बाहेर असलेल्या काही गोंयकार मित्रमैत्रिणींना दाखवून केलाय, हवा तसा बदला :

असिस्टंट प्रोफेसर, मेंदूविज्ञान, कायम. जीवशास्त्र, भौतिकशास्त्र, गणित, संगणकशास्त्र, मानसशास्त्र, भाषाशास्त्र, वैद्यक किंवा कुठल्याही संलग्न विषयातली पदव्युत्तर पदवी, आणि नियमांप्रमाणे नेट, सेट किंवा पीएचडी. चेतासंस्थेवर केलेलं काम हाच विषय जुळल्याचा पुरावा धरला जाईल, पदवीच्या नावावरून अर्ज बाद होणार नाही. उमेदवाराने आपले सर्वोत्तम वाटणारे तीन पेपर आणि गोव्यात पाच वर्षांत काय करणार ते दोन पानांत पाठवावं. निवडीआधी खुलं व्याख्यान आणि बीएस्सीच्या वर्गावर एक तास. कोंकणी किंवा मराठी येत नसल्यास दोन वर्षांत शिकणं बंधनकारक.

आपली,
डिचोलीतली एक कंत्राटी प्राध्यापिका